माकडाला एड्स होतो का? कुठल्या माकडाला, आणि कुठल्या माकडाला नाही

मी गोंदियात एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून काम करतो. गेल्या उन्हाळ्यात नवेगाव बांधच्या बाजूच्या गावातून एक ताई तिच्या आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलाच्या मनगटावर दातांच्या खुणा, वर हळद थापलेली. आदल्या संध्याकाळी माकड चावलेलं. ताई म्हणाली, "दादा, याची एचआयव्हीची टेस्ट करून द्या. गावात सगळे म्हणून राहिले का एड्स माकडापासूनच येते."

मला विषय आवडीचा, त्यामुळे मी लगेच समजावायला बसलो. आफ्रिका, चिंपांझी, विषाणूचा प्रवास, सगळं. पाच-सात मिनिटं झाली असतील. मागून आमच्या मॅडमनी विचारलं, "रेबीजचं इंजेक्शन घेतलं का?" घेतलं नव्हतं. जखम साबणाने धुतलीही नव्हती. ज्या आजाराची भीती नव्हती त्यासाठी ताई बस धरून गोंदियाला आली होती, आणि ज्या आजाराची खरी भीती होती तो तिच्या डोक्यातच नव्हता. माझ्याही नव्हता, हे इथे कबूल करतो. जखम धुवून दोघांना आधी सरकारी दवाखान्यात पाठवलं.

तेव्हापासून हा लेख लिहायचं मनात होतं. "एड्स माकडापासून आला" हे वाक्य अर्धं खरं आहे, आणि त्याचा उरलेला अर्धा भाग जास्त मजेशीर आहे.

आधी नावं नीट घेऊ

एचआयव्ही म्हणजे माणसातला विषाणू. त्याचे दोन प्रकार, एचआयव्ही-१ आणि एचआयव्ही-२. माकडांमध्ये याच घराण्यातले जे विषाणू असतात त्यांना एसआयव्ही म्हणतात. आफ्रिकेतल्या चाळीसहून जास्त जातींच्या माकडांत आणि वानरांत ते सापडले आहेत, आणि बहुतेक प्रत्येक जातीचा आपापला वेगळा एसआयव्ही आहे. एचआयव्ही-१ चा जगभर पसरलेला गट आग्नेय कॅमेरूनमधल्या चिंपांझींच्या विषाणूपासून आला. एचआयव्ही-२ आला पश्चिम आफ्रिकेतल्या सूटी मँगबी नावाच्या काजळी रंगाच्या माकडापासून. शिकार कापताना, मांस साफ करताना रक्ताशी संपर्क आला आणि विषाणूने उडी मारली, असं शास्त्रज्ञ मानतात. एचआयव्ही-१ च्या बाबतीत ही उडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांतली. पुढे तो माणसाकडून माणसाकडे गेला. आज भारतात ज्या कुणाला एचआयव्ही आहे त्याला तो माणसाकडून आलेला आहे, माकडाकडून नाही.

आणि आपल्याकडची माकडं? गोंदिया जिल्ह्यात दोन प्रकार दिसतात. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं वानर, आणि लाल तोंडाचं माकड, ज्याला पुस्तकात ऱ्हीसस म्हणतात. आशियातल्या जंगली माकडांत एसआयव्ही आढळलेला नाही. म्हणजे नवेगावचं असो, नागझिऱ्याचं असो की रेल्वे स्टेशनवरचं, आपलं माकड चावल्याने एचआयव्ही होण्याचा प्रश्नच येत नाही. पण प्रयोगशाळेत हाच विषाणू ऱ्हीससला टोचला तर त्याला खराखुरा एड्स होतो, आणि ज्या मँगबीकडून विषाणू आला ते मँगबी मात्र आयुष्यभर विषाणू अंगात घेऊन ठणठणीत राहतं. असं का, हाच आजचा विषय.

मँगबीच्या पेशी काय वेगळं करतात

सगळ्यात पहिला अंदाज कोणीही असाच करेल की मँगबीच्या पांढऱ्या पेशी विषाणूला मारून टाकत असतील. तसं नाही. तपासणीत उलटंच निघालं. एसआयव्ही असलेल्या मँगबीच्या रक्तात विषाणूचं प्रमाण भरपूर असतं, मिलिलिटरमागे लाखाच्या घरात किंवा त्याहूनही जास्त. उपचार न घेतलेल्या माणसात एवढा व्हायरल लोड दिसला तर डॉक्टर काळजीत पडतील. मँगबी मात्र झाडावर उड्या मारत असतं, पिल्लं वाढवत असतं.

विषाणूचं लक्ष्य असतं सीडी४ पेशी. या पांढऱ्या पेशींपैकी मुकादम म्हणा. स्वतः फार मारामारी करत नाहीत, पण बाकीच्या पेशींना कामाला लावतात. माणसात त्यांची संख्या एका घनमिलिमीटर रक्तात साधारण ५०० ते १५०० असते. २०० च्या खाली गेली की क्षयरोगासारखे संसर्ग चढून बसतात, आणि त्यालाच आपण एड्स म्हणतो. पेशीत शिरायला विषाणूला दोन गोष्टी लागतात. एक सीडी४ हा प्रथिनाचा खुंटा, आणि त्याच्याच बाजूचा दुसरा खुंटा, सीसीआर५. दोन्ही हाताशी असल्याशिवाय दार उघडत नाही.

आता भाताच्या जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. घरात दोन प्रकारचं धान असतं. खायचं आणि बियाण्याचं. खायचं धान उंदरांनी थोडं खाल्लं तर नुकसान होतं, पण पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पेरता येतं. बियाण्याच्या कोठीत उंदीर शिरले तर पुढचं पीकच गेलं. सीडी४ पेशींमध्येही असेच दोन प्रकार असतात. काही थोडे दिवस जगणाऱ्या, लढायला पुढे जाणाऱ्या. आणि काही दीर्घायुषी स्मृतिपेशी, ज्यांच्यापासून नवीन पेशी तयार होत राहतात. मँगबीच्या या बियाण्याच्या पेशींवर सीसीआर५ चा खुंटा फारच कमी उगवतो. विषाणू खायचं धान खातो, बियाण्याची कोठी बऱ्यापैकी शाबूत राहते. ऱ्हीससमध्ये आणि माणसात मात्र विषाणू दोन्ही कोठ्यांत शिरतो.

आफ्रिकेतलंच दुसरं एक माकड, आफ्रिकी हिरवं माकड, हेच काम वेगळ्या युक्तीने करतं. त्याच्या पेशी स्मृतिपेशी होताना सीडी४ चा खुंटाच काढून टाकतात. काम मदतनीस पेशीचं करत राहतात, पण दारावर खुंटा नाही. तिसरी एक जात आहे, लाल टोपीचं मँगबी. त्यातल्या बहुतेकांच्या सीसीआर५ च्या जनुकातला तुकडाच गळालेला आहे. तिथे विषाणूनेही हार मानली नाही, त्याने सीसीआर२ नावाचा दुसरा खुंटा धरला. तीन माकडं, तीन वेगळ्या वाटा. हजारो वर्षांत प्रत्येकाने आपापला तोडगा काढला. किती हजार? गिनीच्या आखातात बिओको नावाचं बेट आहे, ते सुमारे १०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी वाढल्यावर मुख्य भूमीपासून तुटलं. तिथल्या माकडांच्या आणि मुख्य भूमीवरच्या माकडांच्या विषाणूंची तुलना करून २०१० मध्ये हिशेब मांडला गेला, तेव्हा एसआयव्हीचं वय किमान ३२,००० वर्षं निघालं.

खरा फरक जागल थांबवण्यात

खुंट्यांचा भाग महत्त्वाचा आहे, पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे.

विषाणू शिरला की शरीर इंटरफेरॉन सोडतं. हा धोक्याचा भोंगा. तो वाजला की शेकडो जनुकं जागी होतात आणि पेशी लढाईच्या तयारीला लागतात. पूर्वी समज असा होता की मँगबीच्या पेशी झोपाळू असतात, भोंगा वाजवतच नाहीत. २००९ साली मँगबी, हिरवं माकड आणि ऱ्हीसस यांची पहिल्या दिवसापासून तुलना झाली आणि चित्र पालटलं. भोंगा तिघांतही वाजतो, तोही जोरात. फरक असा की मँगबी आणि हिरवं माकड तो काही आठवड्यांत बंद करतात. ऱ्हीससमध्ये तो वाजतच राहतो. माणसातही वाजतच राहतो.

धानाच्या शेतावर रानडुकरांसाठी जागल करतात तसं समजा. डुकरं आली, आरडाओरडा केला, डबे वाजवले, ठीक. पण गावातले सगळे लोक चार महिने रोज रात्री शेतातून धावत ओरडत फिरले तर? धान डुकरांपेक्षा माणसांच्या पायांनीच जास्त तुडवलं जाईल. एचआयव्हीत हेच होतं. पांढऱ्या पेशी सतत चेतलेल्या राहतात, थकतात, मरतात. शिवाय चेतलेल्या पेशीवर सीसीआर५ चे खुंटे वाढतात, म्हणजे विषाणूसाठी रोज नवी दारं. गाठींमधलं ऊतक निबर होतं आणि नवीन पेशींना वाढायला जागा राहत नाही.

यात आतड्याची भूमिका फार मोठी आहे, आणि ती बहुतेकांना ठाऊक नसते. शरीरातल्या सीडी४ पेशींचा मोठा साठा रक्तात नसतो, आतड्याच्या अस्तरात असतो. संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांतच तिथल्या पेशींवर मोठा घाला पडतो, मँगबीतही पडतो. पण त्यांतल्या टीएच१७ नावाच्या पेशी, ज्या अस्तराची डागडुजी बघतात, त्या मँगबीत टिकतात. माणसात आणि ऱ्हीससमध्ये त्या संपत जातात. अस्तर झिरपायला लागतं आणि आतड्यातल्या जिवाणूंचे तुकडे रक्तात येतात. २००६ मध्ये हे माणसांत मोजून दाखवलं गेलं. जिवाणूंचे तुकडे रक्तात म्हणजे भोंग्याला पुन्हा कारण मिळालं. मँगबीचा संपूर्ण जनुकसंच २०१८ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात आणखी एक गोष्ट सापडली. जिवाणूंचे तुकडे ओळखणाऱ्या टीएलआर४ या प्रथिनाच्या शेपटीत त्यांच्याकडे बदल आहे, त्यामुळे ते कमी भडकतं. म्हणजे अस्तर पक्कं, आणि वरून भोंग्याचा आवाजही कमी.

एचआयव्हीची औषधं नियमित घेणाऱ्या माणसातही ही धुसफूस पूर्णपणे शून्य होत नाही, म्हणून हृदयविकारासारख्या तक्रारींवर डॉक्टर लक्ष ठेवून असतात. मँगबीचा अभ्यास कशासाठी करायचा असं कुणी विचारलं तर उत्तर हेच. विषाणू अंगात असूनही आग कशी विझवायची, हे त्यांच्या पेशींना जमतं.

ऱ्हीससला हा विषाणू दिला कोणी?

माणसानेच, आणि नकळत. अमेरिकेतल्या प्राणी संशोधन केंद्रांत आफ्रिकेची मँगबी आणि आशियाची माकडं आजूबाजूला ठेवलेली असायची. लुइझियानातल्या एका केंद्रात कुष्ठरोगावर काम चाललं होतं. कुष्ठरोग झालेल्या एका मँगबीचं ऊतक ऱ्हीससमध्ये टोचलं. कुष्ठरोगाचा अभ्यास बाजूलाच राहिला, ऱ्हीसस माकडं एड्ससारख्या आजाराने मरायला लागली. मँगबीच्या ऊतकातून एसआयव्ही सोबत गेला होता. विदर्भाला कुष्ठरोग नवा नाही, पण त्याच्या संशोधनातून एड्सचं एवढं मोठं कोडं समोर आलं हे मला फार उशिरा कळलं. याच काळात, १९८५ मध्ये, मॅसॅच्युसेट्सच्या केंद्रातल्या आजारी ऱ्हीससमधून हा विषाणू पहिल्यांदा वेगळा करण्यात आला.

आणि ही ऱ्हीसस कुठली? बरीचशी मूळची आपलीच. पोलिओ लसीच्या काळात, १९५० च्या दशकात, भारतातून काही वर्षी एक लाखाहून जास्त माकडं परदेशी जायची. अट अशी होती की वापर फक्त वैद्यकीय कामासाठी. पुढे अमेरिकेत लष्करी किरणोत्सर्गाच्या प्रयोगांतही ती वापरल्याचं उघड झालं आणि मोरारजी देसाई सरकारने एप्रिल १९७८ पासून निर्यात बंद केली. तेव्हापासून तिकडे आहे त्या भारतीय ऱ्हीससपासून पैदास केली जाते, आणि कमी पडली की २०२० पर्यंत चिनी ऱ्हीसस आणली जायची.

यातून एक अनपेक्षित गोष्ट समजली. एकच जात, एकच विषाणू, पण भारतीय वंशाच्या ऱ्हीससमध्ये आजार वेगाने वाढतो आणि चिनी वंशाच्या ऱ्हीससमध्ये हळू. भारतीय ऱ्हीससला संसर्ग दिला की बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षांत एड्सची लक्षणं दिसतात. लसीच्या चाचण्या बहुधा त्यांच्यावरच होतात आणि शोधनिबंधात "भारतीय वंशाची" असा उल्लेख आवर्जून असतो. त्यातही काही मोजकी माकडं विषाणूला औषधाशिवाय दाबून ठेवतात, कारण त्यांच्या सीडी८ पेशी, म्हणजे संसर्ग झालेली पेशी शोधून मारणाऱ्या पेशी, विषाणूचा असा तुकडा ओळखतात जो विषाणूला सहज बदलता येत नाही. माणसात एचएलए-बी५७ आणि बी२७ हे जनुकप्रकार असलेल्या काही लोकांत असंच दिसतं.

पेशीच्या आतली कुलपं

मग ऱ्हीससला सरळ एचआयव्ही-१ टोचला तर? काही होत नाही. त्याच्या पेशीत ट्रिम५ अल्फा नावाचं प्रथिन आहे. ते एचआयव्ही-१ पेशीत शिरल्याशिरल्या त्याच्या कवचाला धरतं आणि खेळ संपवतं. २००४ मध्ये हे सापडलं. आपल्यातही ट्रिम५ अल्फा आहे, पण एचआयव्ही-१ समोर ते दुबळं पडतं. अशी आणखी कुलपं आहेत. अपोबेक३जी विषाणूच्या जनुकांत चुका घालतं. टेदरिन तयार झालेल्या विषाणूला पेशीला बांधून ठेवतं, सुटू देत नाही. सॅमएचडी१ विषाणूला प्रत काढायला लागणारा कच्चा माल संपवतं. प्रत्येक कुलपासाठी विषाणूने किल्ली बनवली आहे, पण ती ठरावीक यजमानाच्या कुलपालाच लागते. म्हणून एका जातीचा विषाणू सहजासहजी दुसऱ्या जातीत जात नाही, आणि म्हणून ऱ्हीससवर प्रयोग करायला एसआयव्ही आणि एचआयव्ही जोडून एसएचआयव्ही नावाचा संकर करावा लागतो.

नेफ नावाच्या किल्लीचं उदाहरण बघा. मँगबीच्या एसआयव्हीचं नेफ सीडी४ पेशीवरचं सीडी३ नावाचं बटणच काढून टाकतं, त्यामुळे पेशी जास्त चेतत नाही. एचआयव्ही-२ चं नेफही हे करतं. एचआयव्ही-१ चं करत नाही. चिंपांझीच्या विषाणूपर्यंत येतानाच ही सवय सुटली होती.

चिंपांझीचं नाव निघालंच आहे तर, बरीच वर्षं असं मानलं जायचं की त्यांनाही एसआयव्हीचा त्रास होत नाही. टांझानियाच्या गोंबे राष्ट्रीय उद्यानातल्या चिंपांझींवर अनेक वर्षं नजर ठेवून २००९ मध्ये निष्कर्ष आला, की संसर्ग असलेल्यांचा त्याच वयाच्या इतरांपेक्षा मृत्यूचा धोका १० ते १६ पट जास्त होता. त्यांना हा विषाणू मँगबीपेक्षा नवा आहे. जुळवून घ्यायला वेळच मिळालेला नाही.

मँगबीचा विषाणू मुंबईत

एचआयव्ही-२ हा मँगबीचा वंशज. पश्चिम आफ्रिकेतला हा विषाणू भारतात असल्याची नोंद १९९१ साली मुंबईतून झाली. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊसारख्या जुन्या पोर्तुगीज वसाहती आणि गोवा यांच्यातल्या ये-जा मधून तो आला असावा असा तर्क मांडला जातो. आपल्याकडे बहुतांश रुग्णांत एचआयव्ही-१ असतो, त्यातही सी उपप्रकार. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने, म्हणजे नारीने, तिथल्या रुग्णांमधल्या सी उपप्रकाराचे संपूर्ण जनुकक्रम १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात एक ए आणि सी यांचा संकर निघाला. या शोधनिबंधाचा उल्लेख आजही जगभर होतो तो विषाणूंमधले संकर शोधणाऱ्या सिमप्लॉट या सॉफ्टवेअरसाठी, कारण ते वापरणारे याच निबंधाचा हवाला देतात.

एचआयव्ही-२ माणसात जास्त सावकाश चालतो. अनेकांच्या रक्तात वर्षानुवर्षं विषाणू सापडतही नाही इतका कमी असतो, सीडी८ पेशी त्याला चांगला आवर घालतात, आणि आईकडून बाळाला जाण्याचं प्रमाणही खूप कमी. पण आजार होतच नाही असं मात्र नाही. झाला तर तो एड्सच असतो.

आमच्या कामात हा फरक असा दिसतो. ट्रायडॉट किटवर एक कंट्रोलचा ठिपका असतो आणि दोन वेगळे, एक प्रकार १ चा, एक प्रकार २ चा. दोन्ही ठिपके उमटले तर दोन्ही विषाणू आहेत असं लगेच धरायचं नाही, कारण एकाच्या प्रतिपिंडांची दुसऱ्यावर सावली पडते. असा नमुना पुढच्या संदर्भ प्रयोगशाळेत जातो. हे नीट ठरवणं का गरजेचं? कारण नेव्हिरापिन आणि एफाव्हिरेन्झ या जुन्या गोळ्या एचआयव्ही-२ वर मुळातच चालत नाहीत, आणि एचआयव्ही-१ साठीची नेहमीची व्हायरल लोड तपासणी एचआयव्ही-२ मोजत नाही. रिपोर्ट "सापडला नाही" असा येईल आणि विषाणू आत असेल. आता सरकारी एआरटी केंद्रांवर मिळणाऱ्या डोल्युटेग्राविर असलेल्या गोळीचा एचआयव्ही-२ वरही उपयोग होतो, त्यामुळे काम बरंच सोपं झालं आहे.

लॅबच्या खिडकीवर येणारे प्रश्न

माकड चावलं, ओरबाडलं तर एचआयव्हीची टेस्ट करायची का? नाही. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट, काही लावायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं. रेबीजची लस तिथे मोफत मिळते. त्वचेत टोचायची असेल तर पहिल्या दिवशी, मग ३, ७ आणि २८व्या दिवशी. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं, तसं स्वतःहून विचारा. धनुर्वाताचंही विचारा.

डास चावून एचआयव्ही होतो का? नाही. डासाच्या पोटात विषाणूला शिरायला तशी पेशीच नाही.

गावात एखाद्याला एचआयव्ही आहे, त्याच्या मुलांसोबत आपली मुलं खेळली तर? हा प्रश्न त्याच ताईने दुसऱ्यांदा आल्यावर विचारला, आवाज बारीक करून. तिच्या शेजारच्या घरातला माणूस औषध घेतो, आणि मुलाला माकड चावल्यापासून गावात त्याच्या घराला माकडाचं घर म्हणायला लागले होते. मी तिला सांगितलं की खेळण्याने, सोबत जेवण्याने, एका विहिरीवर पाणी भरल्याने काही होत नाही. औषध नियमित घेऊन ज्याचा विषाणू तपासणीत सापडत नाही त्याच्याकडून शरीरसंबंधातूनही तो जात नाही. आणि कुणी अशा माणसाला शाळेतून, कामावरून किंवा भाड्याच्या घरातून काढलं तर २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा त्याच्या बाजूने उभा आहे. हा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला आहे. ताई म्हणाली, "हे गावात येऊन सांगा ना दादा. माझं कोण ऐकते?"

गेलो होतो. ग्रामपंचायतीत वीस-पंचवीस माणसं होती. मुलाचा २८व्या दिवसाचा डोस तोवर झाला होता. मी त्याला विचारलं, माकड लाल तोंडाचं होतं की काळ्या? तो म्हणाला, "मी पळत होतो, तोंड कोण पाहते?"